औषध देणाऱ्या हातांना विद्या देणारे प्रा. महादेव लाल श्रॉफ



आपल्या वार्तापत्रात थोर व्यक्तींचा परिचय देताना आपण बहुधा राजे, संत, क्रांतिकारक आणि समाजसुधारक यांच्याकडे वळतो. या वेळी मी एका अध्यापकाचे चरित्र निवडले आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचे नाव ठाऊक असते, पण आपल्या समाजातील घरांत ते फारसे पोहोचलेले नाही. त्यांचे नाव प्रा. महादेव लाल श्रॉफ. भारतातील फार्मसी शिक्षणाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

ही निवड करण्यामागे एक कारण आहे. बारावी विज्ञानाच्या मुलांचे पालक हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. मोबाइलवर जाहिराती येतात की घरबसल्या, काही महिन्यांत, फार्मसी टेक्निशियनचे प्रमाणपत्र मिळवा. फी बऱ्यापैकी असते आणि प्रमाणपत्रही दिसायला सुरेख असते. हे प्रमाणपत्र घेतले तर मुलाला फ्रीगंजमध्ये मेडिकल टाकता येईल का, किंवा रुग्णालयात औषधे देण्याची नोकरी मिळेल का, असे पालक विचारतात. याचे एका ओळीतले उत्तर 'नाही' असे आहे. ते 'नाही' का, हे श्रॉफ यांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट कळते तितके नियमांच्या पुस्तकातून कळत नाही.

आधी जुना काळ पाहू. आपल्या घरातील आजी-आजोबांना जुना कंपाउंडर नक्की आठवत असेल. डॉक्टर आतल्या खोलीत रोगी तपासायचे आणि चिठ्ठी बाहेर यायची. लाकडी फळीमागे उभा असलेला कंपाउंडर मोठ्या बाटल्यांतून लाल किंवा पिवळे मिक्श्चर मोजून आपल्या घरून नेलेल्या बाटलीत ओतायचा. बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक मात्रा. खलबत्त्यात गोळ्या कुटून पुड्या बांधायचा. यातील पुष्कळ जण अत्यंत प्रामाणिक आणि कुशल होते. परंतु ते शिकले कसे, तर पाहून पाहून. आज झाडू मारणारा मुलगा चार वर्षांनी बाटल्या धुवू लागे आणि आठ वर्षांनी औषध मोजू लागे. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७० च्या सुमारास औषधविक्रेत्यांसाठी एक वर्ग सुरू झाला होता, बंगालमध्येही १८८१ च्या सुमारास कंपाउंडरांना रीतसर शिकवण्यास प्रारंभ झाला. पण एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हे फारच थोडे होते. औषधाचे दुकान कोणीही उघडावे आणि कोणीही औषध विकावे अशी स्थिती होती. त्यातच मलेरियावरचे क्विनाइन भेसळीचे किंवा कमी शक्तीचे निघत असल्याच्या तक्रारी वाढल्या. शेवटी सरकारने १९३० मध्ये लेफ्टनंट कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. औषधांच्या शुद्धतेसाठी कायदा हवा, औषधे देणाऱ्यांना शिक्षण हवे आणि त्यांची नोंदणीही हवी, असे त्यात सुचवले होते.

अहवाल आला आणि कपाटात पडून राहिला. कायदा होण्यास पुढे नऊ वर्षे लागली. पण शिक्षणाचे काम एका माणसाने कायद्याची वाट न पाहता सुरू केले.

महादेव लाल श्रॉफ यांचा जन्म ६ मार्च १९०२ रोजी बिहारमधील दरभंगा येथे झाला. (श्रॉफ म्हणजे आपला सराफ शब्दच, इंग्रजांच्या लिहिण्यात त्याचे असे रूप झाले. खरे-खोटे पारखणाऱ्याचे आडनाव या गृहस्थांना चांगले शोभले.) तरुणपणीच ते अमेरिकेला गेले. तेव्हा भारतीय मुलाने अमेरिकेत शिकणे ही आजच्यासारखी सामान्य गोष्ट नव्हती. बोटीचा प्रवासच कित्येक आठवड्यांचा असे आणि घरचे पत्र येण्यासही तेवढाच वेळ लागे. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि त्यानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. १९२० च्या दशकातच हे सर्व झाले.

इथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांना आपण फार्मसी शिक्षणाचे जनक म्हणतो, त्यांची स्वतःची पदवी फार्मसीची नव्हती, रसायनशास्त्राची होती. आपल्या देशात ती पदवी देणारे विद्यापीठच नव्हते. ती पदवी पुढे त्यांनीच उभी केली.

देशात परतल्यावर त्यांचा संबंध पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी आला. मालवीयजींनी १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालय स्थापन केले होते. देशाला उपयोगी पडणाऱ्या नव्या विद्या तिथे शिकवल्या जाव्यात अशी त्यांची धडपड होती. श्रॉफ यांच्या विचारांना तिथे जागा मिळाली. १९३२ मध्ये बी.एस्सी. च्या विद्यार्थ्यांसाठी औषधी रसायनशास्त्र हा विषय सुरू झाला. प्रारंभ असा लहानच होता, एका पदवीतला एक विषय. पुढे त्यात औषधी वनस्पतींची ओळख आणि प्रत्यक्ष औषध तयार करण्याची विद्या यांची भर पडत गेली. १९३७ मध्ये तीन वर्षांचा स्वतंत्र बी.फार्म. अभ्यासक्रम सुरू झाला. भारतातील ही पहिली फार्मसी पदवी. थोड्याच वर्षांत तिथे पदव्युत्तर संशोधनही होऊ लागले.

आज फार्मसीची महाविद्यालये गावोगावी दिसतात, म्हणून या गोष्टीचे मोल चटकन लक्षात येत नाही. १९३७ मधल्या एखाद्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मुलगा काशीला तीन वर्षे शिकणार, आणि शिकून करणार काय, तर औषधे देण्याचे काम. ते काम तर गल्लीतला कंपाउंडर दहा-वीस रुपयांत करतोच आहे! शिकलेल्याला वेगळे स्थान देणारा कायदाच नव्हता, तेव्हा दुकानदाराने पदवीधराला जास्त पगार का द्यावा? तरीही मुले येत राहिली. माझ्या मते श्रॉफ यांच्या कार्यात सर्वांत अवघड भाग हाच होता. अभ्यासक्रम लिहिणे त्यापेक्षा सोपे.

पण मिक्श्चर ढवळण्यासाठी तीन वर्षे शिकावे लागते का? हा प्रश्न तेव्हाही विचारला जात असेल आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर देणारे एक जुने उदाहरण फार्मसीच्या वर्गांत पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर समजून घ्यावे.

त्या काळी अशक्तपणावर स्ट्रिक्निन नावाचे औषध अगदी अल्प मात्रेत दिले जाई. ते कुचल्याच्या बियांतून मिळते आणि मात्रा वाढली की ते भयंकर विष आहे. त्याच्या जोडीला मन शांत करण्यासाठी पोटॅशियम ब्रोमाइड दिले जाई. दोन्ही वेगवेगळी पाण्यात विरघळतात. मात्र एकाच बाटलीत एकत्र केली की हळूहळू स्ट्रिक्निन ब्रोमाइड तयार होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि त्याचे बारीक स्फटिक बाटलीच्या तळाशी जाऊन बसतात. रोगी बाटली न हलवता रोज एक एक खाच औषध घेतो. पहिल्या मात्रांत जवळजवळ काहीच नसते. शेवटच्या मात्रेत मात्र साऱ्या बाटलीचे विष एकदम पोटात जाते. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर, प्रत्येक औषधाचे माप बरोबर, बाटलीही स्वच्छ, तरी रोगी दगावतो. पाहून पाहून शिकलेल्या हाताला हे कधी कळणार? कळलेच तर एखादा जीव गेल्यानंतर कळणार. ज्याला रसायनशास्त्र येते त्याला चिठ्ठी वाचतानाच संशय येतो, आणि तो डॉक्टरांना विचारून येतो.

मापांचीही तीच गोष्ट. जुन्या पद्धतीत औषधे ग्रेनमध्ये मोजत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. जो ग्रेनच्या जागी ग्रॅम वाचेल तो रोग्याला पंधरापट औषध देईल.

आज मिक्श्चरच्या बाटल्या गेल्या आणि गोळ्या कारखान्यातून पाकिटात बंद होऊन येतात. म्हणून धोका संपला असे कोणी समजू नये. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी संधिवाताच्या रोग्याला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच चुकून रोज घेतली गेल्याने माणसे दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. अशी गोळी हातात देताना आठवड्याचा वार चिठ्ठीवर लिहून देणे आणि रोग्याकडून ते पुन्हा म्हणवून घेणे, हे काम फार्मासिस्टचे आहे. त्याला त्या गोळीचा स्वभाव ठाऊक असतो म्हणून तो हे करतो.

श्रॉफ यांच्या हे लक्षात आले होते की एका विद्यापीठातला एक विभाग देशाची परिस्थिती बदलू शकणार नाही. म्हणून त्यांनी माणसे जोडण्यास सुरुवात केली. १९३५ मध्ये संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, फार्मसीच्या मंडळींची एक संघटना उभी राहिली. १९३९ मध्ये तिचेच रूपांतर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनमध्ये झाले आणि प्रांताची संघटना देशाची झाली. त्याच वर्षी इंडियन जर्नल ऑफ फार्मसी हे नियतकालिक निघाले. त्याचे संपादनही श्रॉफ यांनीच सांभाळले. वर्गात शिकवणे, संघटनेचा पत्रव्यवहार आणि नियतकालिकाची प्रुफे, ही सारी कामे त्यांनी बरोबरीने चालवली. शाळेचे एक लहानसे वार्तापत्र वेळेवर काढताना आमची काय दशा होते हे आमच्या शिक्षकांना विचारा!

या संघटनेचे आपल्या मराठी मुलखाशी नाते आहे, ते सांगण्यास मला आनंद वाटतो. असोसिएशनचे मुख्य कार्यालय मुंबईत कलिना येथे आहे. तिच्या महाराष्ट्र शाखेने १९५७ मध्ये बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी सुरू केले आणि मराठी मुलामुलींच्या कित्येक पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या. काशीत लावलेल्या रोपाची ही एक फांदी. आपल्या मध्य प्रदेशापुरते बोलायचे तर डॉ. हरिसिंह गौर यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या सागर विद्यापीठाचा फार्मसी विभाग देशातील जुन्या विभागांपैकी एक आहे.

आता कायद्याकडे येऊ. चोप्रा समितीच्या शिफारशींपैकी औषधांच्या शुद्धतेचा कायदा १९४० मध्ये झाला. औषध देणाऱ्या माणसाविषयीचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९४८ मध्ये आला. तोच फार्मसी अ‍ॅक्ट. १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया अस्तित्वात आली आणि पुढे राज्याराज्यांत नोंदणीसाठी राज्य परिषदा स्थापन झाल्या. या कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचा किंवा ते रोग्याला देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. डॉक्टरांना स्वतःच्या रोग्यांना औषध देण्याची मुभा आहे, ती वेगळी.

यात एक माणुसकीची गोष्टही होती. पाहून पाहून शिकलेल्या हजारो कंपाउंडरांना या कायद्याने एकदम रस्त्यावर आणले नाही. ज्यांनी रुग्णालयात किंवा दवाखान्यात औषधे बनवण्याचे काम किमान पाच वर्षे केले होते, त्यांना पहिल्या नोंदणीपुस्तकात नाव घालण्याची संधी दिली. आपल्या जुन्या ओळखीच्या घरांत अजूनही एखाद्या आजोबांचे असे नोंदणीपत्र चौकटीत लावलेले दिसते ते याचमुळे. ती सवलत त्या पिढीपुरती होती. अनुभवाच्या बळावर नोंदणी करण्याचे ते दार नंतर बंद झाले. अमुक काकांनी डिप्लोमा न करता आयुष्यभर मेडिकल चालवले, मग आमच्या मुलाला का नाही, असे विचारणाऱ्या पालकांनी हा फरक लक्षात घ्यावा.

१९४० च्या दशकात श्रॉफ काशीतून बाहेर पडले. पुढे राजस्थानातील पिलानी येथे बिर्ला महाविद्यालयात त्यांनी फार्मसीचा विभाग उभारला. उतारवयात कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील फार्मसी शिक्षणालाही त्यांचा हात लागला. एका जागी सर्व व्यवस्थित झाले की तिथेच मान घेत राहावे, हा अध्यापकांचा साधारण स्वभाव असतो. श्रॉफ पुन्हा पुन्हा रिकाम्या खोलीपासून सुरुवात करण्यास गेले. २५ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. अलीकडे फार्मसी कौन्सिलने त्यांचा जन्मदिवस, ६ मार्च, राष्ट्रीय फार्मसी शिक्षण दिवस म्हणून पाळण्यास प्रारंभ केला आहे.

आता ज्या प्रश्नापासून निघालो तिकडे येऊ, कारण मुलांचे वर्ष आणि पालकांचे पैसे यांचा हा विषय आहे.

फार्मसी टेक्निशियन हा शब्द मुख्यतः अमेरिकेतला आहे. तिथे फार्मासिस्ट होण्यासाठी पुष्कळ वर्षे शिकावे लागते. त्याच्या हाताखाली गोळ्या मोजणे, लेबल लावणे, संगणकावर नोंदी करणे ही कामे टेक्निशियन करतो. त्याने भरलेली बाटली तपासून रोग्यापर्यंत जाऊ देण्याची जबाबदारी फार्मासिस्टची असते. टेक्निशियनला प्रमाणपत्र देणारे एक मोठे मंडळ तिथे १९९५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या परीक्षेसाठी २०२० पासून मान्य अभ्यासक्रम किंवा तेवढा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आवश्यक आहे. अभ्यासक्रमाचा बराच भाग तिथली मुले ऑनलाइन शिकतात, त्यात काही गैर नाही. आपल्या समाजातील ज्या मुली लग्नानंतर अमेरिकेत गेल्या आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग उपयोगी ठरू शकतो. तिथेही प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, ते तेथील फार्मसी बोर्डाकडून माहीत करून घ्यावेत.

भारतात मात्र कायद्याला टेक्निशियन नव्हे, फार्मासिस्ट ठाऊक आहे. त्यासाठी किमान शिक्षण म्हणजे डी.फार्म. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित असावे लागते. त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचे नियमित शिक्षण आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, तेही किमान तीन महिन्यांत पसरलेले. १९९१ च्या नियमांत तर असेही होते की या ५०० पैकी निदान २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषधे देण्याच्याच कामात गेले पाहिजेत. २०२२ मध्ये डिप्लोमाधारकांसाठी नोंदणीपूर्वीच्या एक्झिट परीक्षेचे नियमही आले आहेत. एवढे झाल्यावर भोपाळच्या राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होते. केवळ पडद्यावर पाहून मिळवलेल्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी होत नाही, मग ते प्रमाणपत्र कोणत्याही देशाचे असो.

मी संगणकाच्या विरुद्ध नाही. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, आपल्या मुलांचे वर्ग मोबाइलवरच चालले आणि त्यामुळे वर्ष वाचले. औषधांची नावे, त्यांचे गट, त्यांचे गुणदोष हे ऑनलाइन चांगले शिकता येते आणि ज्याला डी.फार्म. ला जायचे आहे त्याने सुट्टीत ते अवश्य पाहावे. मेडिकलमध्ये मदतनीस म्हणून काम करणाऱ्या मुलांना छोट्या अभ्यासक्रमाचा फायदाही होतो. औषधांच्या जागा, मुदत संपण्याच्या तारखा आणि हिशेब यांत तो तरबेज होतो. फक्त त्याला त्या अभ्यासक्रमाच्या बळावर दुकानाचा परवाना मिळणार नाही. काही ठिकाणी दुसऱ्याचे नोंदणीपत्र भाड्याने घेऊन भिंतीवर लावतात आणि फळीमागे न शिकलेला मुलगा उभा करतात. हा सरळ गुन्हा आहे. आपल्या शाळेतील कोणत्याही मुलाने अशा फळीमागे उभे राहू नये, आणि शिकल्यावर आपले नोंदणीपत्र कोणाला भाड्याने देऊही नये.

ज्या पालकांना एखाद्या संस्थेविषयी शंका असेल त्यांनी फी भरण्यापूर्वी संस्थेचे पूर्ण नाव, गाव आणि अभ्यासक्रमाचे नाव कागदावर लिहून बारावीच्या वर्गशिक्षकांकडे द्यावे. फार्मसी कौन्सिलची मान्यताप्राप्त संस्थांची यादी शाळेच्या संगणकावर पाहता येते. तिच्याशी ते नाव ताडून दोन दिवसांत उत्तर कळवले जाईल.

— प्राचार्य